मालोजीरावांच्या खिशातले तीन फ्यूज

“फ्यूज ज्यानं काढला, त्याच्याच खिशात राहिला पाहिजे,” असं मालोजीराव म्हणायचे.

लाइनमन म्हणून चौतीस वर्षं काढली त्यांनी, आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं. हे त्यांना शिकवलं सरगूर गावानं. तिथं एका दुपारी त्यांचे सोबती नरसिंगराव खांबावर चढले होते. खाली मालोजीरावांनी फ्यूज काढून पेटीवर ठेवले आणि समोरच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेले. पंप बंद पडला म्हणून चिडलेल्या कुणीतरी येऊन ते परत बसवले. कुणी, ते कधीच कळलं नाही. नरसिंगराव खांबावरच गेले. अर्धा पेला कॉफी टेबलावर राहिली. त्यानंतर मालोजीरावांनी सगळ्या पँटींना उजवीकडे जाड कापडाचा खोल खिसा शिवून घेतला. कॉफी ते घरीच प्यायचे.

निवृत्तीनंतर मैसूरहून बन्नूरला जाणाऱ्या रस्त्यावरल्या एका बंद भातगिरणीत ते राखणदारही झाले आणि वायरमनही. मैसूरच्याच एका मराठी घरातल्या, आता बंगळूरात राहणाऱ्या शरतनं ती गिरणी भाड्यानं घेऊन तिथं क्रिप्टोची अठरा यंत्रं बसवली होती. ती दिवसरात्र गणितं सोडवत आणि त्यातून म्हणे नाणी निघत. नाणं कुणी पाहिलं नव्हतं. कळायचा तो फक्त उष्मा. भिंतीला टेकलं की सदऱ्यातून पाठ भाजायची. पंख्यांचा आवाज इतका सलग, की थोड्या वेळानं तो बाहेर आहे की आपल्याच डोक्यात, ते कळेनासं होई. गिरणीतल्या चिमण्या पहिल्याच आठवड्यात निघून गेल्या होत्या.

नवरात्रात रम्या आली. मैसूरच्या चामराजपुरममधली इंजिनीअर, घरी मराठी, पण मध्येच कन्नडात शिरणारी. तीन दिवसांत तिनं प्रत्येक यंत्राला उष्णता मोजणारा मण्याएवढा सेन्सर चिकटवला, कोपऱ्यांत कॅमेरे लावले, आणि फ्यूजच्या जुन्या पेटीशेजारी एक राखाडी पेटी बसवली. आता शरतला बंगळूरात बसून फोनवर सगळं दिसणार होतं. बोटाच्या टोकानं गिरणी बंद करता येणार होती, चालू करता येणार होती.

“म्हणजे बटण तिकडं, आणि हात इकडं,” मालोजीराव म्हणाले.

“हात कशाला घालायचा, मामा? त्यासाठीच तर हे. तुम्ही सुम्ने, नुसतं आरामात बसा.”

“घरी?”

“अय्यो, तसं नाही हो,” रम्या हसली. पण तिनं स्क्रूवरून मान वर केली नाही.

खंडेनवमीच्या सकाळी मालोजीरावांनी घरी पणजोबांच्या तलवारीशेजारी आपली पक्कड मांडली, दोहोंना कुंकू लावलं, आणि पक्कड पिशवीत घालून बस धरली. बसच्या तोंडाला केळीचे खुंट बांधले होते. गिरणीतही यंत्रांची पूजा व्हायची होती, त्याआधी साफसफाई. शरतनं तासभर यंत्रं बंद ठेवायला होकार दिला होता. स्पीकरवर त्याचा आवाज खुशीत होता.

“राव, बघा हं. इथूनच करतो.”

राखाडी पेटीत खट्ट झालं. हिरवा दिवा लाल झाला. पंखे एकेक करून थांबले, आणि कित्येक महिन्यांनी गिरणीच्या आत बाहेरचा कावळा ऐकू आला.

गिरणी झाडणारी वनजा ओलं फडकं पिळत पुढं झाली. मालोजीरावांनी तिला हातानं थांबवलं, जुनी पेटी उघडली, आणि चिनी मातीचे तिन्ही पांढरे फ्यूज उपसून खिशात टाकले.

“बंद आहे की मामा! दिवा बघा, लाल,” रम्या म्हणाली.

“लालच आहे. मी कुठं नाही म्हणतो?”

“माझ्यावर विश्वास नाही का, राव?” फोनमधून शरत.

“आहे की. तुम्ही इथनं दिसत नाही, एवढंच.”

“अण्णांच्या खिशात गिरणी,” वनजा खिदळली. “धुण्यात टाकू नका म्हणजे झालं.”

मग जो तो आपल्या कामाला लागला. रम्या कॅमेऱ्याला झेंडूची माळ बांधू लागली. मालोजीराव उंबऱ्याशी बसून दृष्टीसाठी फोडायच्या कोहळ्यात कुंकू भरू लागले. वनजाला फक्त यंत्रं पुसायला सांगितलं होतं. पण मागचं विजेचं कपाट उघडल्यावर तिला यंत्रांना वीज नेणाऱ्या तांब्याच्या जाड पट्ट्या दिसल्या, काळवंडलेल्या. सणाच्या दिवशी काळं तांबं तिला बघवेना. देवाची भांडी घासावीत तशी ती चिंचेच्या कोळानं त्या घासू लागली.

खट्ट.

तिघांनीही पाहिलं. राखाडी पेटीवरचा दिवा हिरवा झाला होता. वनजाचे दोन्ही हात मनगटापर्यंत कपाटात होते, बोटांखाली ओलं तांबं. पंखा एकही फिरला नाही.

“काय झालं?” वनजानं विचारलं.

“हात काढ,” मालोजीराव म्हणाले. त्यांचा स्वतःचा हात खिशावर होता. “बाहेर ये.”

“सर, तुम्ही चालू केलं?” रम्यानं फोनला विचारलं.

“मी बोटसुद्धा लावलं नाही. इथं हिरवं दाखवतंय, पण यंत्र एकही नाही.”

रम्यानं माळ सोडून राखाडी पेटी उघडली. दहा मिनिटांहून जास्त बंद राहिलं तर आपोआप चालू व्हावं, असं तिनंच परवा घालून ठेवलं होतं, शरतच्या सांगण्यावरून. “मरतु होय्तु, मामा,” ती पुटपुटली. “विसरले. विसरलेच मी.” मग तिनं वनजाचे हात कुठं होते ते शरतला सांगितलं.



“कुणाला काही झालं नाही ना? मग झालं,” शरत म्हणाला. “पण राव, मी इथून चालू म्हणायचं आणि यंत्रं चालू होत नाहीत. का, तर फ्यूज तुमच्या खिशात! रम्या, उद्या फ्यूजच्या जागी सरळ तांब्याची पट्टी टाक. मध्ये माणूस नको.”

“आणि ते दहा मिनिटांचं, सर?”

“राहू दे. पूजा वर्षातून एकदा. एरवी कोण हात घालतंय आत?”

वनजा फडकं पिळत होती. चिंचेचं पाणी तिच्या कोपरावरून ठिबकत होतं. “अण्णा, अर्धं राहिलंय,” ती म्हणाली. “करू का?”

मालोजीरावांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं. कपाटाचं दार लावलं, कडी घातली. हिरवा दिवा तसाच होता.

“राव, ऐकताय ना? पूजा उरका आणि फ्यूज बसवा.”

“बसवा ना मामा, आजच्यापुरते,” रम्या म्हणाली.

त्यांनी उजवा हात खिशात घातला. तो बाहेर काढला नाही. पक्कड पूजेच्या पाटावर कुंकवासकट तशीच राहिली. न फोडलेला कोहळा ओलांडून ते बाहेर पडले आणि बन्नूरच्या रस्त्याला लागले.