पोयकीचा रविवार

लिली तुस्कानोला आठवड्यातून रविवार तेवढा मोकळा मिळायचा. मूळची वसईच्या गास गावची ही बाई बावीस वर्षं कॅनडात ब्रॅम्पटनला एका बेसमेंटमध्ये राहत होती. एका एजन्सीतर्फे म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, भरवायची. वय एकसष्ट. नवरा गेलेला. मुलगा रॉयस्टन दूरच्या रेजिना शहरातून फोनवर "मॉम, जस्ट रिटायर" म्हणायचा. रिटायर होऊन खायचं काय, ते मात्र सांगायचा नाही.

दोन बस बदलून मिल्टनला हेन्ड्रिक नावाच्या पेशंटच्या घरी पोचेपर्यंत तिचे पाय भरून यायचे. हेन्ड्रिक ब्याऐंशी वर्षांचे, दक्षिण आफ्रिकेतले गोरे आफ्रिकानेर शेतकरी. लेकीमागे कॅनडाला आले, नि लेक नोकरीसाठी दूर गेली. बायको वारल्यापासून त्यांनी जेवणच टाकलं होतं. फ्रोझन डबा गरम करून पुढ्यात ठेवला की मान फिरवायचे आणि म्हणायचे, "पोयकी."

गराजमध्ये तीन पायांचं, बिडाचं काळं भांडं होतं. त्याला पोयकी म्हणतात, त्यात शिजलेल्या मटणालाही.

एकदा लिलीने दमलेल्या अंगाने स्टोव्हवर मटण-बटाटे करून दिले. त्यांनी एकच चमचा घेतला.

"हे सूप झालं. तू ढवळलंस."

"न ढवळता खाली लागेल ना!"

"थर लावायचे. मंद विस्तवावर चार तास. ढवळायचं नाही."

चार तास! लिलीला सलग चार तास झोपही मिळत नव्हती. पण म्हाताऱ्याचं वजन दर आठवड्याला उतरत होतं, आणि ते काट्यावर बघणारीही तीच होती.

पोयकी रांधायला येशील का, असं तिने नोम्वुलाला विचारलं. नोम्वुला तिच्याच एजन्सीत होती, दक्षिण आफ्रिकेतल्याच डर्बनजवळची झुलू बाई.

"त्याच्यासाठी मी नाही रांधणार," नोम्वुला म्हणाली. "माझी आई तीस वर्षं असल्याच गोऱ्यांच्या घरात रांधत होती. जेवायची मात्र मागच्या पायरीवर बसून." मग लिलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून म्हणाली, "तुझ्यासाठी येते. तू चुलीपाशी कोसळशील एखाद दिवशी."

ऑक्टोबरातल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघी मिल्टनला गेल्या. मागच्या अंगणात लाकडं पेटवली. हेन्ड्रिक ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसले.

"माझी आई अशीच करायची," ते म्हणाले.

"आई, की स्वयंपाकीण?" नोम्वुलाने विचारलं.

त्यांनी ब्लँकेट अंगाभोवती ओढून घेतलं. "स्वयंपाकीण. थोको."

"आडनाव?"

त्यांना सांगता येईना. तिच्या हातचं अठरा वर्षं खाल्लं होतं त्यांनी. डोळे भरून आले, पण आडनाव काही आठवलं नाही.

नोम्वुलाने सुरी आणि बटाट्यांची परात त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही सोला."

ते सोलू लागले. सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता. नोम्वुलाने मदत केली नाही, घाईही केली नाही. तळाशी मटण, वर गाजरं, त्यावर ते ओबडधोबड बटाटे. मग झाकण. शेजारी दुसऱ्या पातेल्यात ती मक्याच्या जाड पिठाचं फुथू करू लागली, मोकळ्या उपम्यासारखं भुरभुरीत.

झाकणाखाली रटरट सुरू झाली. करायला काहीच उरलं नव्हतं. लिली जरा टेकली, आणि टेकल्या टेकल्या झोपली.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. अंगावर हेन्ड्रिकचं ब्लँकेट. समोर दोघं जेवत होती. हेन्ड्रिक फुथूवर आंबट दही घेऊन हातानेच खात होते.

"उठवलं का नाहीस?" लिलीने विचारलं.

"कशाला? ढवळायचं नव्हतंच," नोम्वुला म्हणाली आणि तिच्यापुढे ताटली सरकवली. मटण हाडावरून आपोआप सुटत होतं. दोन घास खाल्ल्यावर लिलीला कळलं, आज आपल्याला कुणीतरी वाढलंय.

मंगळवारी एजन्सीतून फोन आला. हेन्ड्रिकच्या शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली होती. सुट्टीच्या दिवशी क्लायंटकडे जाणं नियमात बसत नव्हतं. हेन्ड्रिकचं घर तिच्याकडून काढून घेतलं. तक्रारीत एकाच बाईचा उल्लेख होता, आणि लिलीने दुसरीचं नाव घेतलं नाही.

"ते आता जेवतात," तिने एवढंच सांगितलं. "जी जाईल तिला सांगा, त्यांच्या शेजारी बसून जेव म्हणावं."

पलीकडून नव्या पेशंटचा पत्ता आला. तो ब्रॅम्पटनमध्येच होता, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. लिलीने गुडघ्यावर हात ठेवून तो लिहून घेतला.