फरशीवरचे गिनीपिग आणि बोदवडची बदली

आमच्या अंगणात गवताची एक काडी नाही. जळगावात घर बांधलं तेव्हा मीच आग्रह धरून दारापासून फाटकापर्यंत शहाबादी फरशी बसवून घेतली. माती म्हणजे चिखल आणि चिखल म्हणजे रोजचं पुसणं, असा माझा हिशेब होता. त्यात गिनीपिग धरलेले नव्हते.

मुलगी शिकायला पुण्याला गेली. होस्टेलवर प्राणी चालत नाहीत, म्हणून तिचे दोन गिनीपिग, एक बदामी आणि एक काळा-पांढरा, आमच्याकडे राहिले. बायकोने पहिल्याच संध्याकाळी नियम सांगितले.

"घरात नाही. अंगणात ठेवा. आणि माझ्या भाजीच्या टोपलीला हात लावायचा नाही. जमत नसेल तर माझा भाऊ घेऊन जाईल. त्याच्या बागेत गवतच गवत आहे."

तिच्या म्हणण्यात चूक काढता येईना. रावेरकडे तिच्या भावाच्या केळीच्या बागेत गवत होतं, आमच्याकडे फरशी. पण मला ते दोघे जाऊ द्यायचे नव्हते. संध्याकाळी मी फाटकाची कडी काढली की ते शीळ घालत. घरात बाकी कोणी माझ्या येण्याची एवढी दखल घेत नाही.

मग मी कामाला लागलो. जिन्याखालच्या सावलीत आठ बाय चार फुटांचा जाळीचा पिंजरा केला. खाली गोणपाट, वर ओलं पोतं, आत लपायला आडवा ठेवलेला फुटका माठ. थर्मामीटरही लावला. बाहेर त्रेचाळीस असताना माठात एकतीस भरलं, तेव्हा मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मग मीच तिथे जाऊन बसते."

राहता राहिला चारा. या प्राण्यांचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे त्यांना सतत गवत चावायला लागतं. मी देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडे गेलो. तिथे लोक तिच्याकडून हिरव्या घासाची पेंढी विकत घेतात आणि तिच्याच गाईला चारतात. मी पेंढी घेतली आणि पिशवीत घातली.

"भाऊ, गाय इकडे आहे."

"मला घरी न्यायची आहे."

"घरी गाय आहे?"

"नाही. गिनीपिग आहेत. साधारण उंदरासारखे."

"गाईच्या तोंडचं काढून उंदराला घालता?" हे तिने दर्शनाच्या रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं. गाय माझ्याकडे बघत होती. मी पेंढी काढून तिला चारली आणि रिकाम्या पिशवीने घरी आलो.

त्या रांगेत आमच्या शेजारच्या अक्का होत्या. संध्याकाळी त्या फाटकात हजर.

"हाई गणपतीनं वाहन शे का?"

"नाही हो अक्का. हे दक्षिण अमेरिकेतले प्राणी."

"मंग काय झायं? गणपती बठ्ठीकडे जास."

गणपती सगळीकडे जातो, हे असं ठरवून टाकून त्यांनी पदरातून आदल्या दिवशी गणपतीला वाहिलेल्या दूर्वांची जुडी काढली. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून एरवी त्यांना ते तलावापर्यंत पोचवावं लागे. बदामीने जुडी दोन मिनिटांत संपवली. दुसऱ्या दिवसापासून सबंध गल्लीचं निर्माल्य आमच्याकडे यायला लागलं. मी कुंकू धुऊन काढी, कण्हेर विषारी म्हणून वेगळी करी आणि दूर्वा वजन करून घाली. चाऱ्याचा प्रश्न सुटला, असं मी बायकोला जाहीर केलं.

पण गल्लीने पुढचं पाऊल आपलं आपण टाकलं. गणपतीच्या देवळात दगडी उंदराच्या कानात इच्छा सांगतात आणि ती पलीकडून निसटू नये म्हणून त्याचा दुसरा कान हाताने झाकतात. अक्कांनी एके सकाळी बदामीला मांडीवर घेतलं, त्याचा लोंबता कान उचलला, दुसरा बोटाने दाबला आणि कुजबुजल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे अक्कांची कुजबुज मला स्वयंपाकघरात ऐकू आली.

"मना पोऱ्यानी बदली जयगावले होऊ दे."

त्यांचा मुलगा धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात होता आणि त्यांना तो जळगावात हवा होता. बदामीने "कुईक" केलं. तो दूर्वा मागत होता, पण अक्कांनी होकार समजून त्याला नमस्कार केला.

मे महिन्यात बदल्यांची यादी लागली. मुलगा धुळ्याहून निघाला, जळगाव ओलांडून पलीकडे बोदवडला गेला.

मी अक्कांना समजावलं की धुळे नव्वद किलोमीटर आणि बोदवड पन्नासच्या आसपास, म्हणजे चाळीसचा निव्वळ फायदा, वर रेल्वे. अक्कांना समजावण्याची गरजच नव्हती.

"मनीच चूक. दुसरा कान नीट दाबा नही. जरासं पुढे निंघी गयं."

त्यानंतर आमच्या फाटकाला उसंत राहिली नाही. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या बोअरला पाणी. गिनीपिग माणसं पाहून माठात शिरायला लागले, तशी मी पाटी लावली: दुसरा कान जोरात दाबू नये. बायको कंटाळली. तिने भावाला फोन केला आणि रविवारी मेहुणा केळीचं रिकामं क्रेट घेऊन आला.

नियम तिचा होता आणि तो मला मान्य होता. पिंजऱ्याचं दार मीच उघडलं आणि काळ्या-पांढऱ्याला हातात घेतलं. तेवढ्यात फाटकाशी गल्लीतल्या बायका जमल्या.

"वहिनी, असं कसं पाठवता? माझं अजून झालेलं नाही!"

"मी तर कालच सांगितलंय!"

बायको क्रेटजवळ उभी होती. तिने एकदा बायकांकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्याकडे. मग भावाला म्हणाली, "दादा, राहू दे. जेवून जा."

"का गं? तूच तर बोलावलंस."

"हो, पण..." तिने आवाज खाली आणला. "माझंही एक काम अडकलंय त्यांच्याकडे."

कोणतं, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. मेहुणा जेवला. जाताना त्याने क्रेट उचललं, फाटकाशी घुटमळला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "दाजी, या दोघांतलं नेमकं कोण ऐकतं?"