कबरस्तानातला ऊस

निवृत्त झाल्यावर माणसाला काही ना काही खूळ लागतं. मला गावाचा इतिहास लिहायचं लागलं. नगरची शाळा सुटली, नवरा आधीच गेलेला, मुलगी तिच्या संसारात. मी प्रवरेकाठी माहेरी, धाकट्या भावाकडे राहायला आले आणि गावभर चौकशा करत सुटले. वेस झाली, बारव झाली, मग स्मशानं. हसू नका, गाव कसं आहे ते देवळापेक्षा मसणवट्यात लवकर कळतं. आमच्या एवढ्याशा गावात नदीकडेला जाळायची जागा, तिच्या वरच्या अंगाला गोसाव्यांच्या समाध्या, चर्चमागे ख्रिस्ती लोकांची जागा आणि ओढ्याजवळ मुसलमानांचं कबरस्तान, आमच्या मळ्याला लागून. भेटेल त्याला मी सांगायचे, आमच्या गावात मेल्यावर कुणी उपरा राहत नाही. हे वाक्य माझं मलाच फार आवडायचं.

कबरस्तानाची माहिती मला खालानं दिली. खाला म्हणजे ओढ्याजवळच्या शिंप्याच्या घरातली म्हातारी, माझ्या आईची जन्माची मैत्रीण. उन्हाळ्यात दोघी मिळून दोन्ही घरच्या शेवया करायच्या. त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून ती मला घेऊन ओढ्याच्या काठावर उभी राहिली आणि हातानं दाखवत गेली. कबरी सगळ्या कच्च्या, मातीच्या; दगड एखाद्याच कबरीला. शेवटी तिनं आमच्या मळ्याकडे बोट केलं.

"तिथं ह्ये हायेत," ती म्हणाली. ह्ये म्हणजे तिचा नवरा. "शेजारची जागा माजी. पोराला सांगून ठिवलंय."

ती दाखवत होती तिथं मला आमचा ऊस दिसत होता. म्हातारीची नजर गेली, असं मी धरून चालले. वर शहाणपणानं म्हटलं, "खाला, तिथं नाही, अजून अलीकडे असेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आसंल बाई," म्हणाली.

थंडीत खाला गेली. सकाळी तिचा मुलगा आमच्या अंगणात आला. वडिलांनंतर शिलाईचं मशीन तोच चालवतो. मी त्याचा हात धरून रडले. रडून झालं तरी तो जाईना. डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत राहिला.

"दादा हायेत का? इचारायचं हुतं," तो म्हणाला. "अम्मीला अब्बांच्या शेजारी न्यायचंय. तर थोडा ऊस तोडावा लागंल. लई न्हाई, तेवढ्यापुरता. चालंल का?"

मला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि कान तापले. आपल्या आईला आपल्याच कबरस्तानात पुरायला तो आमची परवानगी मागत होता.

आमच्याकडे बांध कोरतात. नांगरट करताना दरवर्षी बांधाचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आपल्याकडे घ्यायचं. शेजारी जिवंत असला की कोयता घेऊन धावतो, मोजणी आणतो, पिढ्यान् पिढ्या बोलत नाही. कबरस्तानाच्या बाजूनं कोण धावणार? वडिलांनी कोरला, भावानं कोरला, आणि त्याच उसावर मी शिकले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं या म्हणीचा अर्थ मी वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर लिहून देत आले होते.

भाऊ गोठ्यातून बाहेर आला. "अरे, त्यात विचारायचं काय? घरचंच समज. मी येतो तोडायला." इतका मोठा आवाज, इतकं मोठं मन! धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

त्याला आत ओढलं आणि विचारलं, "बांध कुठं होता रे आपला?"

"बांध काय मी खांद्यावर घेऊन गेलो का, ताई? ट्रॅक्टर हाय त्यो. नांगरताना हिकडं तिकडं व्हतंच. आन् आता, मयताच्या दिवशी, ह्यो इषय काढती व्हय?"

तो कोयता घेऊन गेला. मी ओढ्याच्या काठावर, खाला उभी राहायची तिथं उभी राहिले. त्यानं स्वतः ऊस तोडला, घामाघूम झाला. कबरस्तानातल्या जुन्या लिंबाच्या रोखानं पोरांनी जागा धरली. खाली उसाच्या मुळ्यांचं जाळं. टिकाव घालावा लागला. शेजारी खालाच्या नवऱ्याची कबर होती म्हणे. तिथं उंचवटासुद्धा उरला नव्हता, नुसती सरी.

खालाचा मुलगा पाण्याची घागर भरायला ओढ्यावर आला. मला राहवलं नाही. "ती जागा आमची नाही रे. तुमचीच आहे."

"ठावं हाय की, ताई. अब्बांना माती दिली तवा म्या हुतोच."

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीस?"

"अम्मी बोलू देत नव्हती. तुमची आई व्हती तवर म्हनायची, तिला काय वाटंल. मंग तुमी आल्या. तर म्हनली, लेक माहेराला आलीय, तिच्यासमोर नको." त्यानं घागर उचलली. "आन् आज तर न्हाईच, ताई."

तिसऱ्या प्रहरी खालाला आणलं. भावानंही मूठभर माती लोटली. मग त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं दोन्ही हात वर करून दुआ मागितली. आधी खालासाठी, तिच्या नवऱ्यासाठी. आणि मग, मोठ्या मनानं जागा देणाऱ्या शेजाऱ्यासाठी, त्याच्या शेतात सदा बरकत राहो म्हणून.

सगळे आमीन म्हणाले. ओढ्याच्या काठावर मला माझ्या भावाचा आवाज वेगळा ऐकू आला.