आमच्या बूथवरची अकरा मतं

आमच्या मतदारसंघात कोण कधी निवडून आलं हे मला तोंडपाठ आहे. त्यात मोठेपणा काही नाही. बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी कॉस्टिंग बघतो, आकडे जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही, आणि निवडणुकीचे आकडे फुकट मिळतात. निकालानंतर काही दिवसांनी बूथवार तक्ता जाहीर होतो. लोक शेवटची बेरीज बघतात, मी आमच्या बूथची ओळ बघतो.

वडील सांगायचे, त्यांच्या काळी पेट्यांतल्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायचे आणि मग मोजायचे. कुठल्या गल्लीनं काय केलं ते कळायला मार्ग नव्हता. यंत्रं आल्यावर प्रत्येक बूथ वेगळा मोजला जाऊ लागला. आमचा बूथ लहान आहे. आमची गल्ली आणि मागची अर्धी, जवळजवळ सगळी जुनी मराठी घरं. मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या तेव्हा आम्हाला शहराच्या जुन्या पेठेपासून तोडून अपार्टमेंटवाल्या नव्या वस्त्यांना जोडलं. तिथे आम्ही चिमूटभर. पण पद्धत जुनीच राहिली. निवडणुकीआधी समाजाच्या हॉलमध्ये थोरली माणसं बसतात आणि सगळ्यांचं मत एकाला ठरवतात. पेठेत या एकजुटीला वजन होतं. इथे ती तक्त्यात उघडी पडते, एवढंच. मी एकदा तसं बोललो तर एक काका म्हणाले, "तू तुझ्या कारखान्याचे हिशेब कर, बाबा."

आत्ताचे आमदार पहिल्यांदा उभे राहिले आणि थोडक्यात पडले. जितक्यानं पडले, त्याहून जास्त मतं आमच्या एका बूथनं त्यांच्या विरोधकाला दिली होती. पुढच्या खेपेला ते निवडून आले, तेव्हाही आमची ओळ त्यांच्या विरुद्धच होती. मग गल्लीच्या टोकाचं राजकालुवे, म्हणजे पावसाच्या पाण्याचा मोठा नाला, मोजायला पालिकेची माणसं आली. जाताना अक्काच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ मारून गेली. रेघेपासून नाल्याकडचं ते पाडायचं.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून ती, मुलगा आणि सून असे तिघं त्या घरात राहतात. रेघेप्रमाणे तिचं स्वयंपाकघर नाल्यात येतं. पलीकडच्या काठावरची इमारत पाण्याला आणखी जवळ आहे, तिच्या कुंपणावर रेघ नाही. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही.

गेल्या निवडणुकीआधी आमदारांचा माणूस गल्लीत आला. बेळगावकडचा, मराठी बोलणारा, वयानं माझ्याहून लहान. अक्काच्या ओसरीवर बसून रेघेकडे बघत म्हणाला, "रंगच आहे, अक्का. पुसता येतो." त्याच आठवड्यात हॉलमध्ये ठरलं की यंदा मतं आमदारांना. कुणी वाद घातला नाही. चहासुद्धा लवकर संपला.

आमदार मोठ्या फरकानं आले. तक्ता आला आणि मी आमची ओळ काढली. जवळजवळ सगळी मतं त्यांना. विरोधकाला अकरा.

मला वाटत होतं, मतं फिरली की आम्ही सुटू. उलटं झालं. विरोधात शेकडो होते तेव्हा कुणी एक असा दिसत नव्हता. अकरा म्हणजे माणसं झाली.

रविवारी तो माणूस पुन्हा आला. मी अक्काकडेच होतो.

"कॉफी ठेवू?" अक्कानं विचारलं.

"नको, स्वल्प पाणी द्या. अण्णा, तुम्ही आकड्यांतले. अकरा बघितलेत ना?"

"बघितले," मी म्हणालो.

"साहेबांना राग नाही हं. फक्त कोण ते कळलं तर बरं."

"आमच्या घरची तिन्ही तुम्हालाच गेली," अक्का म्हणाली.

"मी मानतो हो. पण साहेबांना कसं पटवू? तुम्ही अकरा नावं दिलीत की तुमचं घर आपोआप बाजूला निघतं."

हिशेब बिनचूक होता. कुणाला मत दिलं याची पावती घरी आणता येत नाही, त्यामुळे दुसऱ्यांची नावं घेतल्याशिवाय अक्काला सुटायची वाट नव्हती. आणि तिला नावं ठाऊक असणार. चाळीस वर्षं ती याच गल्लीत पापड वाळवते आहे. कोण हॉलमधून तोंड पाडून निघालं, कोण मतदानाला शेवटी गेलं, तिनं बघितलेलं असणार. तिनं समोरच्या दारांकडे एक एक करून पाहिलं. मला भीती वाटली ती बोलेल याची. न बोलण्याचीही तेवढीच.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "लिहून घ्या. अकराही माझीच."

"अक्का, तुमच्या घरात मतं तीन."

"माझ्या स्वयंपाकघराचा नाला होतो, तर तिनाची अकरा का होऊ नयेत?"

मला हसू आलं. तो हसला नाही. त्यानं पाणी संपवलं, पेला नीट पायरीवर ठेवला, भिंतीचे दोन-तीन फोटो काढले आणि म्हणाला, "येतो. कॉफी पुढच्या वेळी."

तो वळणावर गेला तशा समोरच्या काकू फाटकात आल्या.

"काय गं, काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही."

"इतका वेळ बसला होता की."

"पाणी प्यायला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. अक्का खरं बोलते आहे असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आत गेल्या, आणि दाराला आतून कडी घातल्याचा आवाज आला. दुपारचे चार वाजले होते. त्या गल्लीत दिवसा कुणी कडी घालत नाही. थोड्या वेळानं शेजारच्या घराची कडी वाजली, मग त्याच्या पलीकडची. अक्का ओसरीवर बसून ऐकत होती.