बाईंनी न काढलेला फोटो

फोटोवाल्या बाईंनी आमच्या गावात एकही फोटो काढला नाही. परभणीहून एसटीनं यायच्या, गावात काय दुखतंय त्याचे फोटो काढा म्हणून पिशवीतले छोटे कॅमेरे बायकांच्या हातात द्यायच्या आणि स्वतः ओट्यावर चहा पीत बसायच्या. "तुमी काढा की एखादा," म्हटलं तर म्हणायच्या, "गाव तुमचं, दुखणं तुमचं. मी काढून काय करू?" झरीजवळच्या आमच्या गावाला असली पाहुणी नवीनच होती!

गावाचं दुखणं म्हणजे ओढा. शाळा पलीकडं आणि पूल नाही. पावसाळ्यात आम्ही पोरी एकतर भिजत जायचो, नाहीतर घरी बसायचो. थोरल्या पोरींचं शिक्षण त्या पाण्यापायी थांबलंच होतं, आता पाळी माझी होती.

आईनं ओढ्याचा फोटो काढला, तो पार बिघडला. आम्हा पोरींची मुंडकीच उडाली! राहिली ती पोटाशी धरलेली दप्तरं आणि कमरेइतकं पाणी. आई ओशाळली. "बाई, तोंडं राहिली की हो!" बाई फोटोकडं बघतच राहिल्या. "राहू द्या. पाणी कुठवर हाय ते दिसायलंय. हाच ग्रामसभेत न्यायचा."

बाईंचा नियम एकच, पण कडक. ज्यानं फोटो काढला त्यानंच बोलायचं. ग्रामसभेत भिंतीवर फोटो लागले. सरपंच म्हणाले, "अहो, घोटाभर पाणी असतंय. त्याला पूल कशाला?" सगळे बाईंकडं बघायला लागले. बाई गप्प. मला असा राग आला त्यांचा! एवढी शिकलेली बाई, बोलायला काय झालं?

तेवढ्यात मागून आई उठली. जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडलेली माझी आई! पदर सावरत फोटोजवळ गेली आणि एका दप्तरावर बोट ठेवलं. "भावजी, तोंड न्हाई आलं, पण ही माजी लेक हाय. हिचा घोटा कुठं हाय तेवढं दाखवा."

सभा हसली. सरपंचही हसले, आणि मग उठून फोटो जवळून बघून आले. पुलाचा ठराव तिथंच झाला. अभिमानानं माझा ऊर असा भरून आला की काय सांगू!

पूल व्हायला वेळ लागला, पण झाला. मी शिकले. बाई कॅमेरे घेऊन चारठाण्याकडच्या गावांत गेल्या, तेव्हा बायका लय रडल्या.

बाई गेल्यानंतरच्या पहिल्याच ग्रामसभेत भिंतीवर एकही फोटो नव्हता. नळाचा विषय निघाला. सरपंच बायकांकडं वळून म्हणाले, "बोला वैनी."

आई आधीच उभी राहिली होती.