कोळशानं काढलेली आई

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा वास आला, की शहराच्या लष्कर भागातला आमचा चित्रकलेचा वर्ग आठवतो. आमचं संस्थान नुकतंच भारतात विलीन झालं होतं. फाळणीत सिंधहून आलेल्या वर्गमित्रानं तिकडेच वारलेल्या आईचा चेहरा आठवून कोळशानं काढला. फोटो एकही उरला नव्हता. मास्तर मला म्हणाले, "तुमची नुसती सफाई हो, जीव इथं आहे." आपलं घर शाबूत असल्याचा मला त्या दिवशी राग आला. प्रदर्शनाआधी कोळसा झडू नये म्हणून चित्रांवर नळीनं ती पातळ लाख फुंकायचं काम माझ्याकडे होतं. त्याचं चित्र तेवढं मी मुद्दाम सोडलं. टांगताना त्याचीच बाही घासली आणि चेहरा पुसला गेला. तो पुन्हा काढायला बसला, पण त्याला हनुवटी आठवेना. "गलती मेरी ही है, यार," तो म्हणाला. पन्नाशी उलटल्यावर आज कबूल करतो, मी म्हणालो होतो, "हाँ, संभालके टाँगना था."