येऊन राह्यलो

लता गेल्याची बातमी मला नागपूरला, भाच्याच्या लग्नात कळली. बँड वाजत होता. फोनवर आमचे मुख्याध्यापक काहीतरी सांगत होते आणि मी एका कानात बोट खुपसून "काय? जोरात बोला!" म्हणून ओरडत होते. शेवटी कार्यालयामागे, भांडी घासायच्या जागेत गेले, तेव्हा ऐकू आलं. "लताबाई गेल्या." मी विचारलं, "कोणत्या बसनं?" ...खरंच असं विचारलं मी. आमच्यात 'गेली' म्हटलं की बसच आठवते.

आता महिना उलटून गेला. आम्ही दोघी एकाच शाळेत शिक्षिका. बल्लारपूरहून अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलातल्या एका गावात ती शाळा आहे. मी चंद्रपूरहून सकाळच्या पॅसेंजरनं बल्लारपूरला यायची आणि तिथून एसटी धरायची. लता बल्लारपूरचीच. तिचे यजमान दामोदरभाऊ पेपर मिलमधून रिटायर झालेले. पॅसेंजर आणि एसटीची वेळ कागदावर छान जुळते हो! पण बल्लारपूर तोंडावर आलं की आउटर सिग्नलला आमची गाडी थांबते, कारण कोळशाची मालगाडी आधी जायची असते. माणसं बसतात ताटकळत, कोळसा जातो पुढे. मग त्याच एसटीनं पुढे जाणाऱ्या आम्हा चार-पाच जणांच्या वतीनं मी डब्यातून लताला फोन करायची. "लता, आउटरले उभी आहे गाडी. येऊन राह्यलो." एवढं पुरे व्हायचं. तिकडे लता एक पाय बसच्या पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून उभी राहायची. पायरीवर बाईमाणसाचा पाय असताना बस हलवायची कोणाची छाती आहे?

कंडक्टर किसनभाऊ वैतागायचे. "बाई, पाय काढा नं! मले पुढं जाब द्या लागते."

"आले नं भाऊ, येऊन राह्यले! पुलावर दिसून राह्यले मले."

स्टेशनच्या पुलावर तेव्हा काळं कुत्रंसुद्धा नसायचं, आम्ही आउटरलाच माशा मारत असायचो. एकदा मागच्या सीटवरचा एक माणूस खेकसला, "तुमच्या घरची गाडी आहे का हे?" लता फटकन म्हणाली, "नाई, सासरची आहे!" सगळी बस हसली, तोही हसला. आम्ही धापा टाकत पोहोचलो की ती पाय उचलायची आणि माझ्यावरच डाफरायची. "किती हळू चालतं वो तू! मले खोटं बोला लागते तुयासाठी." खिडकीजवळची जागा तिनं आपला डबा ठेवून माझ्यासाठी धरलेली असायची.

आमच्याकडचं 'येऊन राह्यलो' बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. अंगाला साबण लावलेला माणूसही फोनवर तेच म्हणतो, ताटावर बसलेलाही तेच म्हणतो. त्यात खोटेपणा नसतो, बोलायची रीतच तशी आहे. ऐकणारा काय ते समजून घेतो. लता तेवढी समजून घ्यायची नाही. "येतो म्हनलं नं त्यानं? मंग येते." या एका शब्दावर तिनं इतकी वर्षं पाय रोवून बस धरली.

मी लग्नाला गेले होते, त्याच दिवशी दुपारी शाळेत तिच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. मुख्याध्यापकांनी शेजारच्या गावातल्या एका गाडीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "येऊन राह्यलो." तिला थांब्यावरच्या बाकावर आणून बसवलं. तेवढ्यात अहेरीकडून परतणारी किसनभाऊंची बस आली. पुढचं मला त्यांनीच सांगितलं, सांगताना तिकिटाच्या मशीनची बटणं उगीच दाबत होते. ते खाली उतरले आणि म्हणाले, "बाई, चढा. सीधा दवाखान्यात नेतो, मधात कुठीच थांबत नाई."

लता म्हणाली, "तुमी जा भाऊ. गाडी येऊन राह्यली म्हनते. या लोकाइची पॅसेंजर चुकन."

किसनभाऊंनी मग स्वतः पायरीवर पाय ठेवला. नाही हलू देत बस, म्हणाले. आणि लता, त्या दुखण्यातसुद्धा, हसली. "पाय काढा भाऊ. तुमाले पुढं जाब द्या लागते."

त्यांनी पाय काढला. बस गेली. गाडीवाला तोवर घरूनच निघाला नव्हता. तो आला तेव्हा लता बाकावर आडवी झालेली होती... संपलं होतं सगळं.

मी त्याच्या दारात जाऊन भांडले. त्याच्या कानाखाली वाजवायची म्हणूनच गेले होते. तो बिचारा हात जोडून रडत होता. "बाई, मी येऊनच तं राह्यलो होतो." घरी येऊन मी दार लावलं आणि उशी तोंडात धरून ओरडले. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. कसलं डोंबलाचं औषध! दिवसेंदिवस जास्तच दुखतंय. बदलीचा अर्ज टाकावा म्हटलं, पण कुठेही बदली झाली तरी शब्द हाच. किसनभाऊ आता माझ्याकडे बघत नाहीत. बस भरली की घंटीची दोरी ओढतात.

परवा गाडी पुन्हा आउटरला थांबली. डब्यातली माणसं सवयीनं माझ्याकडे बघायला लागली आणि माझं बोट सवयीनं तिच्या नंबरवर गेलं. भानावर येईपर्यंत पलीकडे फोन उचलला गेला होता. दामोदरभाऊ होते.

"बोला बाई."

काय बोलू? चुकून लागला म्हणू? तोंडातून निघून गेलं, "येऊन राह्यलो."

ते हळूच म्हणाले, "या नं बाई. पन बस थांबवाले आता इथी कोनी नाई."

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. त्यांनीही ठेवला नाही. शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी जात होती आणि ती काही संपत नव्हती.